अपघात सर्वांत अडचणीच्या जागी होणार असं धरून आखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १८ किलोमीटरचा मातीचा लूप, एक दिवस शर्यत, एक दिवस हौशी रायडिंग. १२० मोटारसायकली आणि क्वाड (मोटारसायकलसारख्या बसून चालवायच्या चार चाकांच्या उघड्या गाड्या), २८ चारचाकी गाड्या. परवानगी मिळाली आहे, एक अँब्युलन्स ठरली आहे, झेंडे आणि टेप आणून ठेवलेत. सुरक्षा आराखड्यात आणखी काय हवं, आणि एक अँब्युलन्स पुरेल का?

पुरणार नाही. पण दुसरी अँब्युलन्स आणून पॅडॉकमध्ये (स्पर्धकांच्या गाड्या उभ्या राहतात तिथं) पहिलीच्या शेजारी उभी केली, तर तीही पुरणार नाही. बहुतेक आराखडे स्टार्ट लाइनपासून लिहायला घेतात, कारण तिथं रस्ता असतो, सावली असते, माणसं असतात. मग लूपच्या पार पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत लिहिणारा दमलेला असतो आणि तिथं नुसतं "मार्शल राहील" एवढंच उरतं (मार्शल म्हणजे ट्रॅकच्या कडेला ठरलेल्या पोस्टवर उभा राहून झेंडा दाखवणारा माणूस). आराखडा उलटा लिहा. नकाशावर गाडी न्यायला सगळ्यांत अवघड अशी जागा शोधा आणि तिथं एक रायडर पडलाय असं धरा. मांडीचं हाड मोडलंय, शुद्ध नाही. आता एकेक प्रश्न विचारा. त्याला कोण पाहतं? पाहणारा कुणाला कळवतो, कशावरून? कोण निघतं, कुठल्या वाटेनं? त्याला तिथून कशात घालून बाहेर आणायचं, आणि मग कुठल्या हॉस्पिटलात? प्रत्येक उत्तरापुढे मिनिटं लिहा. ही बेरीज म्हणजेच तुमचा आराखडा.

मिनिटांचा हिशेब

समजा ते टोक मेडिकल तंबूपासून ट्रॅकनं ७ किलोमीटरवर आहे. खडबडीत मातीवर रुग्णवाहिकेचा वेग ताशी २० किलोमीटरच्या वर जात नाही. म्हणजे नुसत्या प्रवासाला २१ मिनिटं. लक्षात यायला एक, निरोप जायला एक, निघायला एक धरलं तर २४. श्वास बंद पडला तर मेंदूला इजा व्हायला ४ ते ६ मिनिटं पुरतात. मोठी रक्तवाहिनी फाटली तर तेवढाही वेळ मिळत नाही. मांडीचं हाड मोडलं की बाहेर थेंब न सांडता आतल्या आत एक-दीड लिटर रक्त जाऊ शकतं, आणि मोठ्या माणसाच्या अंगात एकूण असतं साधारण ५ लिटर.

म्हणून मदत तीन थरांत लावा. पहिला थर मार्शलचा: श्वासमार्ग मोकळा ठेवणं, रक्त थांबवणं, मान न हलवणं. हे पहिल्या दोन-तीन मिनिटांत व्हायला हवं, आणि ते पोस्टवर उभा असलेला माणूसच करू शकतो. दुसरा थर पॅरामेडिक किंवा डॉक्टर असलेल्या फोर बाय फोर गाडीचा, ८ ते १० मिनिटांत पोचणारा. अशी गाडी ट्रॅकवर ताशी २५ किलोमीटरनं गेली तर ८ मिनिटांत सव्वातीन किलोमीटर कापते. गाडी मागेपुढे दोन्हीकडे जाऊ शकली तर एक गाडी ६ किलोमीटर सांभाळते, आणि १८ किलोमीटरला तीन लागतात. लूपला आतून छेदणारी एखादी चांगली वाट असेल तर दोनही पुरतील, पण ती वाट त्याच गाडीनं, स्ट्रेचर लादून, आदल्या दिवशी घड्याळ लावून पार करून बघा. नकाशावरची वाट आणि पावसानं धुपलेली वाट यांत फार फरक असतो.

तिसरा थर अँब्युलन्सचा. तिला ट्रॅकवर जायचंच नाही. ती पक्क्या रस्त्याच्या टोकाशी उभी राहील, फोर बाय फोर जखमीला तिथवर आणेल. अशा दोन हव्यात, कारण एक हॉस्पिटलकडे निघाली की तासाभरात परत येत नाही. दुसरी नसेल तर त्या क्षणी शर्यत थांबली पाहिजे आणि पहिली परत येईपर्यंत सुरू होता कामा नये. हे आराखड्यात शब्दशः लिहा. लिहिलेलं नसलं की त्या वेळी कुणी ना कुणी म्हणतंच, "फक्त दोन लॅप उरलेत."

जवळचं हॉस्पिटल आणि योग्य हॉस्पिटल वेगळी असू शकतात. सीटी स्कॅन, रक्तपेढी आणि मेंदूचे सर्जन त्या दोन दिवसांत कुठे हजर आहेत ते फोन करून विचारा आणि तारखा त्यांनाही कळवून ठेवा. हेलिकॉप्टर मिळण्यासारखं असेल तर ३० बाय ३० मीटरची सपाट, तारा नसलेली जागा आधीच ठरवा आणि तिथं पाणी मारायला टँकर ठेवा. कोरड्या मातीवर उतरताना पायलटला शेवटचे काही मीटर काहीच दिसत नाही.

जागा कळवण्यात होणारी एक चूक इथंच सांगतो, कारण ती कागदावर दिसत नाही. ४५ अंश ३० मिनिटं म्हणजे ४५.५ अंश. कुणी ते घाईत "पंचेचाळीस पॉइंट तीस" असं सांगितलं, तर फरक ०.२ अंशाचा, म्हणजे अक्षांशात २२ किलोमीटरचा. मदत दुसऱ्याच डोंगरात जाते. एकच पद्धत ठरवा, दशांश अंश, आणि प्रत्येक पोस्टचे आकडे छापून त्या पोस्टच्या पाटीमागे चिकटवा. मार्शलनं ते फोनमधून शोधत बसायचं नाही, फक्त वाचायचे. प्रत्येक ५०० मीटरला अंतराची पाटी लावा आणि पोस्टचे नंबर शर्यतीच्या दिशेनं चढते ठेवा, म्हणजे "सात आणि आठच्या मध्ये" एवढ्यावर गाडी निघू शकते.

पोस्ट, झेंडा आणि थांबायला लागणारं अंतर

मार्शल किती, हे रायडरच्या संख्येवर ठरवू नका. ट्रॅकवर दिसतं किती, यावर ठरवा. प्रत्येक पोस्टला मागचं आणि पुढचं पोस्ट दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर मध्ये आणखी एक हवं, किंवा मधला भाग इतका संथ आणि सरळ हवा की तिथं पडलेला माणूस मागून येणाऱ्याला आपोआप दिसेल. एका पोस्टवर दोघं: एक झेंड्याचा, एक जखमीकडे जाणारा. एकच असेल तर तो जखमीकडे धावताना झेंडा खाली पडतो आणि पुढची गाडी दोघांवर येते.

झेंडा कुठं उभा करायचा, याचं गणित सोपं आहे. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. झेंडा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३० मीटर तसेच गेले. सुट्या खडीवर पकड ०.४ धरली तर पुढे थांबायला साधारण ५० मीटर. एकूण ८० मीटर. दहा टक्के उतार असेल तर तेच १०० च्या आसपास जातं. म्हणजे धोक्यापासून २० मीटरवर उभा असलेला झेंडा त्या रायडरच्या काहीच कामाचा नाही.

जंपवर हे जास्त बारकाईनं बघावं लागतं. टेबलटॉपची (वरून सपाट असलेल्या जंपची) चढण चढताना रायडरची नजर कड्यावर असते आणि लँडिंग त्याला दिसतच नाही. लँडिंगवर कुणी पडलं असेल तर तिथं उभा असलेला मार्शल कितीही जोरात झेंडा हलवो, रायडरला तो दिसतो तेव्हा चाकं हवेत असतात. म्हणून दोन माणसं लागतात. एक लँडिंग बघणारा, दुसरा टेकऑफच्या बराच आधी, चढण सुरू होण्यापूर्वी बाजूला, जिथं रायडर अजून थ्रॉटल सोडू शकतो. दोघांच्या मध्ये आवाज पोचत नाही, इंजिनं ओरडत असतात, म्हणून हाताची खूण ठरवलेली हवी. पडल्या क्षणी लँडिंगवाला हात वर करतो, टेकऑफवाला पिवळा हलवतो, मग रेडिओ. हाच क्रम. आधी रेडिओ केला तर बोलण्यात जाणाऱ्या पाच-सहा सेकंदांत मागचे तीन रायडर जंप मारून गेलेले असतात.

झेंड्यांचे अर्थ नियमपुस्तकानुसार थोडे बदलतात, म्हणून ब्रीफिंगमध्ये प्रत्यक्ष हातात धरून दाखवा. हलवलेला पिवळा: धोका समोरच आहे, ओव्हरटेक नाही, थांबायच्या तयारीत राहा. पांढऱ्यावर लाल फुली किंवा क्रॉस: वैद्यकीय माणसं ट्रॅकवर आहेत, वेग उतरवा, जंप न मारता चाकं जमिनीवर ठेवून पार करा. लाल: शर्यत थांबली. लाल झेंडा कुणाच्या हुकुमानं निघतो हे एकाच माणसाकडे ठेवा. मात्र ट्रॅक पूर्ण अडलेला असेल तर कुठल्याही पोस्टला तो थेट मागता आला पाहिजे.

मार्शलनं येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करायची नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. दोन तासांनी बदली माणूस यायलाच हवा. उन्हात चार तास उभा राहिलेला माणूस बघतो, पण त्याच्या लक्षात येत नाही.

रेडिओची चाचणी पॅडॉकमध्ये करून उपयोग नाही. पाच वॉटचा हँडसेट समोरासमोर दृष्टी असेल तोवर छान चालतो, नाल्यात उतरला की मुका होतो. प्रत्येक पोस्टवर चालत जाऊन, माणूस प्रत्यक्ष उभा राहील त्याच जागेवरून बोलून बघा. जिथं आवाज तुटतो तिथं उंचावर एक निरोप्या बसवा. तातडीचं चॅनल वेगळं, पाणी-जेवण-टेपचं वेगळं. निरोपाचा साचा ठरवून तो पाठ करून घ्या: "पोस्ट अकरा. मेडिकल, मेडिकल. रायडर खाली, श्वास सुरू, शुद्ध नाही. ट्रॅक अर्धा अडलाय." एवढंच. रायडरचं नाव रेडिओवर घ्यायचं नाही, घरचे लोक पॅडॉकमध्ये ऐकत असतात.

बचावाची गाडी शर्यतीच्या दिशेनंच जाईल. उलट्या दिशेनं जायचं असेल तर आधी लाल झेंडा आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या पोस्टकडून "ट्रॅक मोकळा" असा होकार. हा नियम पाळला नाही तर एका अपघाताचे दोन होतात. वरचा ६ किलोमीटरचा हिशेब या थांबवण्याला धरूनच आहे. मागे जाण्यासाठी लाल झेंडा दाखवायची तुमची तयारी नसेल, तर गाडी फक्त पुढचे तीन किलोमीटर सांभाळते असं धरा आणि त्याप्रमाणे गाड्या वाढवा.

ट्रॅकच्या कडा

ट्रॅक आखताना पडणाऱ्या माणसाचा विचार करा. खुणा करायला लोखंडी सळया ठोकणं ही सर्रास होणारी चूक. पडणारा रायडर तिच्यावर येतो तेव्हा ती वाकत नाही. बारीक बांबू किंवा प्लास्टिकच्या काठ्या वापरा, धक्क्यानं मोडणाऱ्या. टेप पटकन तुटणारी हवी. दोरी किंवा तार ताणून बांधली तर ती बरोबर मानेच्या उंचीला येते. शेजारच्या शेताचं काटेरी कुंपण ट्रॅकला समांतर असेल तर ट्रॅकच सरकवा.

गवताच्या गाठी झाडाभोवती चांगल्या, पण पावसात भिजल्या की दगडासारख्या जड आणि घट्ट होतात. कोरड्या असताना सायलेन्सरपाशी पेटतात. टायर लावायचे तर एकमेकांना बांधून. सुटा टायर पहिल्याच धडकेत ट्रॅकच्या मध्यावर येऊन पडतो.

धूळ ही मला कडांपेक्षाही जास्त छळणारी गोष्ट वाटते, कारण तिच्यामुळे वरचं सगळं गणित मोडतं. पुढच्या गाडीच्या धुळीत १५ मीटर दिसत असेल आणि थांबायला ८० लागत असतील, तर रायडर आंधळाच चालवतोय. आदल्या रात्री भरपूर पाणी मुरवा, दोन हीटच्या (शर्यतीच्या फेऱ्यांच्या) मध्ये हलकंच शिंपडा. जंपच्या चढणीवर ऐन वेळी पाणी मारू नका, नुसता वरचा थर निसरडा होतो आणि टेकऑफला मागचं चाक घसरतं. चारचाकी लांब लूपवर एकेक करून सोडा. ३० सेकंदांचं अंतर की २ मिनिटांचं, हे सकाळच्या वाऱ्यावर ठरवा: एक गाडी सोडा, तिची धूळ स्टार्टपासून पहिल्या अवघड वळणापर्यंत किती वेळात बसते ते घड्याळावर मोजा आणि त्याहून कमी अंतर ठेवू नका.

प्रेक्षक

१४ ऑगस्ट २०१० ला कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, ल्यूसर्न व्हॅलीजवळ, संध्याकाळी सुटलेल्या शर्यतीत जंपवरून आलेला एक ट्रक तोल जाऊन गर्दीत उलटला. ८ प्रेक्षक ठार झाले. लोक ट्रॅकच्या इतके जवळ उभे होते की हात लांबवला तर गाडीला लागावा. मध्ये कठडा नव्हता. ५० फूट अंतर ठेवायचा नियम मात्र कागदावर होता. मोकळ्या रानातल्या शर्यतीत प्रेक्षकांची व्यवस्था म्हणजे काय, हे या एका घटनेत सगळं आहे: अंतर लिहून होत नाही, ते राखायला माणसं लागतात. ती माणसं नसतील तर शर्यत सोडायची नाही.

५० फूट, म्हणजे १५ मीटर, हेही संथ सरळ पट्ट्यावर ठीक. ताशी ९० किलोमीटरनं जाणारी गाडी उलटत गेली तर ५० ते ७० मीटर लांब जाऊन थांबू शकते. निखळलेलं चाक त्याहूनही पुढे जातं. टेप माणसाला अडवते, गाडीला नाही. त्यामुळे काही जागा पूर्ण बंद ठेवायच्या: वळणाची बाहेरची बाजू, लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी समोरची जागा, जंपचं लँडिंग आणि त्याच्या दोन्ही अंगांचा पंख्यासारखा पसरणारा भाग, आणि उताराखालची कुठलीही जागा. फोटोग्राफरही याला अपवाद नाहीत. गळ्यात पास अडकवल्यानं कुणाच्या अंगावरून चाक जायचं थांबत नाही.

लोकांना चांगलं दिसणारी जागा तुम्ही दिली नाही तर ते स्वतः शोधतात, आणि ती नेमकी लँडिंगशेजारी असते. म्हणून वळणाच्या आतल्या अंगाला, दोन-तीन मीटर उंच बांधावर, पार्किंगपासून ट्रॅक न ओलांडता पोचता येईल अशी जागा द्या. ट्रॅक ओलांडायचा मार्ग एकच, मार्शलच्या ताब्यात, हीट सुरू असताना बंद. टेपच्या आत कुणी आलं तर पोस्टनं कळवायचं. दोनदा सांगून हललं नाही तर हीट थांबवायची. एकदा खरोखर थांबवली की बाकीचे लोकच त्या माणसाला मागे ओढतात.

तपासणी, पेट्रोल, विंच

स्क्रुटिनीत (शर्यतीआधीच्या गाड्यांच्या तपासणीत) चकाकी बघायची नाही. दुचाकीवर: थ्रॉटल सोडला की स्वतःहून बंद होतो का, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही? लिव्हरच्या टोकाला गोळी शाबूत आहे का? तुटलेलं लिव्हर चाकूसारखं लागतं. एफआयएमच्या (मोटारसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात ती गोळी किमान १६ मिलिमीटर व्यासाची असते. फूटरेस्ट घडी होतो का, स्पोक सैल आहेत का, चेनला गार्ड आहे का. क्वाडला मनगटाला बांधायची किल-स्विचची दोरी हवीच, ती ओढून इंजिन बंद पडतं का ते प्रत्येक गाडीवर बघा. चारचाकीत बेल्ट खांद्यावरून मागे जाताना ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरू नये, नाहीतर धडकेत तोच मणका दाबतो. खिडकीला जाळी हवी. गाडी कलंडताना हात आपसूक बाहेर जातो आणि पिंजऱ्याखाली (गाडीभोवतीच्या लोखंडी सांगाड्याखाली) सापडतो, त्या वेळी कितीही अनुभवी माणूस हात आवरू शकत नाही. बॅटरी हातानं हलवून बघा. हेल्मेट आतूनही बघा: फोम दबलेला, तडकलेला असेल तर बाद, बाहेरून कितीही नवं दिसलं तरी.

पेट्रोल भरताना इंजिन बंद, रायडर खाली उतरलेला, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर हातात घेतलेला दुसरा माणूस. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खोलगट जागेत साठते, म्हणून पिट उंच आणि वाऱ्याला मोकळा ठेवा. वाळलं गवत हा दुसरा धोका: गाडीच्या खालच्या प्लेटमध्ये अडकलेलं गवत गरम पाइपला लागून गाडी थांबल्यानंतरही पेटू शकतं. स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणग्या बाहेर पडू न देणारी जाळी) सक्तीचा करा. इलेक्ट्रिक बाइक उतरणार असतील तर त्यांना वेगळी, मोकळी जागा द्या. पेटलेल्या लिथियम बॅटरीला भरपूर पाणी लागतं आणि विझली असं वाटल्यावरही ती पुन्हा पेटू शकते.

अडकलेली गाडी काढताना होणारे अपघात शर्यतीतल्या अपघातांइतकेच वाईट असतात, आणि तिथं गर्दीही असते. गाडीमागचा टो-बॉल (ट्रेलर जोडायचा गोळा) हा अडकलेली गाडी ओढण्यासाठी नाही. झटक्याच्या दोरानं तो तुटला की तोफगोळ्यासारखा येतो आणि समोरच्या काचेतून आत जातो. याने माणसं गेली आहेत. फक्त चॅसीला पक्क्या केलेल्या पॉइंटला, वजनक्षमता कोरलेल्या शॅकलनं (पिन लावून बंद होणाऱ्या लोखंडी कडीनं) जोडा. पाऊण इंचाच्या बो शॅकलवर सहसा पावणेपाच टन लिहिलेलं असतं. पिन पूर्ण घट्ट करून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताणानंतर ती सुटत नाही. लवचीक दोर झटक्यासाठी, न ताणणारा पट्टा विंचसाठी (ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्रासाठी). दोन्हींची अदलाबदल करू नका. विंच गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमतेची हवी. ड्रमवर तारेचे किमान ५ वेढे राहू द्या, सिंथेटिक दोराचे १०. दोराच्या मध्यावर जड ब्लँकेट टाका. काम चालू असेपर्यंत दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात, विंच चालवणारा सोडून, कुणीही नको. आणि दोरावरून उडी मारून पलीकडे जायचं नाही, ताण असो वा नसो.

हौशी दिवस

शर्यतीच्या दिवशी सगळे एकाच दिशेनं जातात आणि प्रत्येक पोस्टवर माणूस असतो. हौशी दिवशी पोस्ट अर्धी होतात, दिशा पाळली जात नाही, आणि वडील सात वर्षांच्या मुलाला स्वतःच्या क्वाडवर पुढे बसवून निघतात. हे गेटवरच थांबवा. एका माणसासाठीच्या क्वाडवर दुसरं कुणी नाही. १६ वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांची क्वाड चालवायची नाही; मुलांच्या क्वाड वयानुसार बनतात, ६, १०, १२, १४ अशा गटांत, आणि ते वय गाडीच्या लेबलवर असतं. क्वाड उलटल्यावर माणूस बऱ्याचदा आघातानं नाही, छातीवर गाडी पडून श्वास कोंडून जातो. मार्शलला ती उचलायचा सराव द्या. साडेतीनशे किलोची गाडी तीन-चार जणांनी एका बाजूनं, हँडल आणि ग्रॅब बार धरून उचलायची. ओढायची नाही.

गटागटानं सोडा: पुढे रस्ता माहीत असलेला, शेवटी हत्यारं आणि प्रथमोपचार घेतलेला. प्रत्येक फाट्यावर पुढचा एक जण थांबतो आणि शेवटचा आला की मग निघतो. वाळूच्या टेकड्या असतील तर जमिनीपासून सुमारे २.४ मीटर उंचीवर फडकणारा झेंडा प्रत्येक गाडीला. नाहीतर माथ्यापलीकडून येणारा दिसतच नाही.

कधी थांबवायचं

या अटी आदल्या दिवशी लिहून, रेस डायरेक्टर आणि मुख्य डॉक्टर दोघांच्या सह्या घेऊन ठेवा. ऐन वेळी चर्चा नको. कुठलंही पोस्ट रेडिओवर उत्तर देत नाही: थांबवा. मेडिकल गाडी कामात गुंतली आहे आणि तिच्या भागाला दुसरी नाही: थांबवा. गडगडाट ऐकू आला: थांबवा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वाट बघा. नाल्यात वाहतं पाणी ३० सेंटिमीटरवर गेलं: तिथून ओलांडणं बंद, कारण एवढं पाणी छोटी कार वाहून नेऊ शकतं. डॉक्टर थांबा म्हणाले की डायरेक्टरनं विचारायचं नाही.

उन्हाळ्यात पूर्ण गियरमधला रायडर असंबद्ध बोलायला लागला आणि अंग ४० अंशांवर गेलं तर तो उष्माघात आहे. गार पाण्याच्या टबात आधी बसवा, अँब्युलन्स नंतर. दीड-दोनशे लिटरचा टब आणि बर्फ तंबूमागे तयार हवा.

डोक्याला मार लागून क्षणभर गोंधळलेला, पडल्याचं न आठवणारा, ओकणारा रायडर त्या दिवशी पुन्हा चालवणार नाही. हे ठरवायचं डॉक्टरनं. वडील, कोच, टीम कुणीही नाही. त्याचा ट्रान्सपाँडर (गाडीवरचं वेळ नोंदवणारं उपकरण) काढून घ्या आणि नंबर स्टार्टच्या यादीतून खोडा, नाहीतर पुढच्या हीटला तो रांगेत उभा दिसतो.

शेवटची मोजणी

मोजणी सकाळपासूनच सुरू होते. स्टार्टवर १४८ नंबरांची यादी, लूपवर दोन ठिकाणी नंबर टिपणारे, शेवटी फिनिशवर. एखादा नंबर पहिल्या टिपणीवर दिसला आणि दुसऱ्यावर नेहमीच्या वेळेच्या दुप्पट वेळातही आला नाही, तर कंट्रोलनं स्वतःहून विचारायचं. कुणी कळवायची वाट बघायची नाही. पोस्टच्या नजरेआड झुडपात गेलेला रायडर फक्त असाच सापडतो. मध्येच शर्यत सोडणाऱ्यानं कंट्रोलला सही करून जायचं, हे ब्रीफिंगमध्ये दोनदा सांगा. गाडी ट्रेलरवर चढवून घरी गेलेल्या एका माणसासाठी वीस जण अंधारात रान धुंडाळत बसतात.

शेवटची हीट संपली की स्वीपर गाडी पूर्ण लूप फिरते, आणि ती पुढे गेल्यावरच प्रत्येक पोस्ट उठतं. यादीतले १४८ नंबर एकतर फिनिशपुढे, नाहीतर सहीपुढे, नाहीतर मेडिकलच्या नोंदीत दिसले पाहिजेत. एक जरी रिकामा असेल तर अँब्युलन्स आणि मेडिकल गाड्या जागेवरच राहतील आणि स्वीपर त्या नंबरच्या शेवटच्या टिपणीपासून पुन्हा निघेल.